मीटरची काच आणि रिंग

कोल्हापूर

प्रिय सुहास,

बुलेटच्या वेग दाखवणाऱ्या मीटरचा फोटो पाहिला. डायल अस्सल आहे, नवा मीटर घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. काच पिवळी पडलीय म्हणतोस, म्हणजे ती काच नव्हेच. आधी कुणीतरी ॲक्रिलिक घातलंय. ते कोरड्या फडक्यानं पुसलं की विजेचा भार धरतं आणि काटा वर ओढला जातो. २ मिमीची साधी पांढरी काच कापून घे, कड घासून घे. काच धरून ठेवणाऱ्या धातूच्या रिंगच्या आतल्या मापापेक्षा अर्धा ते एक मिमी लहान हवी. घट्ट बसवलीस तर रिंग दुमडतानाच तडकेल.

वेग घेताना काटा टप्प्याटप्प्यानं उडत असेल, तर मीटर स्मिथ्स कंपनीचा क्रोनोमेट्रिक, म्हणजे घड्याळासारख्या यंत्राचा. त्याची रिंग आट्याची असते, रबरी पट्ट्यानं धरून फिरव. तुझा मात्र चुंबकी दिसतोय, रिंग मागून दुमडलेली.

बारीक पेचकसाची कोपरं घासून बोथट कर. रिंगची दुमडलेली कड एका ठिकाणी मिलिमीटरभरच उचल, मग पुढं सरक. असे दोन-तीन फेरे. एकाच जागी जोर दिलास तर मीटरच्या डबीला पोचा येतो. आणि कानशीनं कड कापायचा शॉर्टकट नको, गड्या! रिंग लोखंडी असली तर तिचा चुरा आतल्या चुंबकाला चिकटतो आणि काटा अडकायला लागतो. शेवटी मीटर तोंड वर करून धर आणि रिंग, काच उचलून घे. काचेला लागून बसवलेली रबरं कुठल्या क्रमानं निघाली त्याचा फोटो काढ.

काट्याला हात लावायचा नाही. खालची स्प्रिंग केसासारखी असते. काटा उपसलास की शून्यही हलतो आणि वेगही खोटा दाखवतो. डायलवर फुंकणी आणि मऊ ब्रश, बस्स. थिनर किंवा पेट्रोल लावलंस तर आकडेच निघतील.

नवी रिंग तयार मिळाली नाही, तर इथं शिवाजी उद्यमनगरात लेथवर पितळेची करून घेता येईल. दुमडायची कड अर्ध्या मिमीच्या आसपास पातळ हवी. क्रोमआधी रिंग मंद लाल होईपर्यंत तापवून गार करायला सांग, नाहीतर पितळ ताठर राहतं आणि वळवताना चिरतं.

बसवताना मीटर लाकडावर जाड फेल्ट घालून पालथा ठेव आणि रबर दबेपर्यंत वरून दाब. इथल्या गुजरी पेठेतले सोनार खडा जडवताना समोरासमोरची कड आधी दाबतात, तसंच कर: १२ आणि ६, मग ३ आणि ९, मग मधल्या जागा. पहिल्या फेरीत कड तिरकीच कर, सपाट दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. पकडीच्या दातांना टेप गुंडाळ. रबराऐवजी व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वापरू नकोस, त्याच्या वाफेनं आतला धातू गंजतो. सुपरग्लूनं काचेला आतून पांढुरकी झाक येते.

आणि तुमच्या गगनबावड्याच्या पावसात हे काम काढू नकोस. दमट हवा आत कोंडली की सकाळच्या गारव्यात काचेवर वाफ धरणारच. चांगली उघडीप पडू दे.

मीटर जोडण्याआधी केबल बघ. आतल्या तारेला ग्रीस लाव, पण वरचं १५ सेंमी कोरडं सोड. ग्रीस तारेवरून चढत मीटरमध्ये शिरलं, तर काटा चिकटेल आणि रिंग परत उघडावी लागेल. रिंग करून घ्यायची असेल तर डबीचं बाहेरचं माप व्हर्नियरनं घेऊन कळव.

तुझा,
प्रकाश