डबलबारीतली दुसरी बारी कुठे गेली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा आला की मुंबईच्या उपनगरांत मैदानोमैदानी मालवणी जत्रोत्सव आणि खाद्यमहोत्सव भरतात. अशाच एका महोत्सवात कुडाळ तालुक्यातला आमचा बचत गट दर वर्षी स्टॉल लावतो. कोंबडी-वडे, घावणे, काळ्या वाटाण्यांचे सांबारे, तळलेला बांगडा, सोलकढी. गेल्या खेपेला आमचा स्टॉल रंगमंचाला अगदी लागून होता, त्यामुळे तव्यावरची नजर वर केली की सगळा कार्यक्रम समोर. जे पाहिले ते जत्रा भरवणाऱ्या मंडळींच्या वाचनात यावे म्हणून लिहिते.

शनिवारी डबलबारी भजन होते, म्हणजे दोन बुवांचा आळीपाळीने रंगणारा सवाल-जवाबाचा सामना; एकेकाची पाळी म्हणजे बारी. एक बुवा गावाहून कोकणकन्येने आलेले, दुसरे इथलेच, गिरणगावात वाढलेले. फलकावर सुरमईच्या ताटाशेजारी दोघांचे फोटो आणि वेळ सायंकाळी सातची. सातला दोन्ही मंडळे तयार होती. मंचावर मात्र पाहुण्यांची वाट पाहणे चालले होते. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळे झाली, मग प्रायोजकांचे दोन शब्द (ते दोन कधीच नसतात), मग पैठणीची सोडत. अधूनमधून गेटासमोरची पांढरी गाडी काढण्याची सूचना. पहिल्या बुवांनी पेटीवर बोटे ठेवली तेव्हा नऊ वाजत आले होते.

तोवर पखवाजाची दशा झाली होती. त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, तेव्हा कुठे तो घुमतो. उघड्यावरचा वारा आणि आमच्या शेगड्यांची धग, यात ती कणीक वाळून तिला भेगा पडल्या. वाजवणारा मुलगा आमच्याकडे आला. "वैनी, वायच गव्हाची कणीक गावात काय?" वड्यांचे पीठ त्याच्या कामाचे नव्हते, त्यात तांदूळ, उडीद, धणे, मेथी. थाळीत पोळी मागणारी गिऱ्हाइके असतात म्हणून गव्हाचे पीठ होते, ते मळून दिले. कोपऱ्यात बसून, पाण्याचा हात लावत त्याने ती थापली, मग हातोडीने वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकत उजवी बाजू पेटीच्या सुरात आणली. मागे जनरेटर घरघरत होता, तेव्हा बिचारा वाद्यावर ओणवा होऊन, कान जवळ नेऊन ऐकत होता. आणि साउंडवाल्याला सवय ऑर्केस्ट्राची. त्याने बेस इतका चढवला की त्या पखवाजाचा नुसता धबडगा झाला, बुवांचे शब्द त्यात बुडाले. डबलबारीत शब्दच कळले नाहीत तर काय ऐकायचे?

तरी बुवांनी बारी रंगवली. अभंग झाला, गवळण झाली आणि गजरात त्यांनी समोरच्या बुवांना पुराणातला एक प्रश्न टाकला. डबलबारी ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे, खरी मजा इथून पुढे. समोरच्याने आपल्या बारीत त्याचे उत्तर द्यायचे, जाता जाता चिमटा काढायचा आणि उलट प्रश्न टाकायचा. माणसे हातातली ताटे घेऊन मंचाजवळ सरकली. दुसरे बुवा बसले, सूर धरला, स्तवन जेमतेम पुरे होते आहे तोच सूत्रसंचालक हात जोडून पुढे आला. दहा वाजले, माइक बंद. मागून कोणीतरी ओरडले, "दुसरी बारी खंय रवली?" लोक हसले. बुवांनी काही न बोलता पेटीचा भाता बंद केला.

नियम मोडा असे माझे मुळीच म्हणणे नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ठरावीक सणासुदीला राज्य सरकार बारापर्यंत सूट देते, तीही वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस. मैदानाच्या कडेने इमारती आहेत, तिथे आजारी माणसे असतात, परीक्षेची मुले असतात. पण दहाची वेळ आयोजकांना आधीपासून माहीत असते. मग सात ते नऊ माइक कोणाच्या हातात होता, एवढेच मला विचारायचे आहे.

रविवारी दशावतारी नाटकाची तीच गत. गावच्या जत्रेत तो मध्यरात्रीनंतर उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. मुंबईत तसे चालणार नाही, हे कलाकारही जाणतात. संवाद लिहिलेले नसतातच, त्यामुळे खेळ कुठे आखडायचा हे त्यांना उभ्या उभ्या कळते. सुरुवातीला येणाऱ्या संकासुराला रजा देऊन थेट आख्यानाला, म्हणजे मुख्य पौराणिक कथेला, हात घालतात. दोन तास मिळाले तरी निभावून नेतात. त्या रात्री तासभरही मिळाला नाही, तेव्हा राक्षस धड युद्ध न करताच मेला! रंगवलेला चेहरा आणि अंगावरचा साज उतरवायलाच त्याला त्याहून जास्त वेळ लागला असेल.

यात माझा स्वार्थही आहे, तो लपवत नाही. भाषणे सुरू असली की माणसे खातात आणि घरची वाट धरतात. भजन रंगले की थांबतात, पुन्हा सोलकढी मागतात, जाताना मसाल्याचे पुडे नेतात. कलाकारांना जेवणाचे म्हणून जे कूपन देतात, ते बाहेरून मागवलेल्या पुलावाचे! मालवणी महोत्सवात मालवणी कलाकाराला पुलाव कशाला? कूपन आमच्या स्टॉलवर चालू द्या, हिशेब नंतर करू. वार पाळणाऱ्यांसाठी घावणे-सांबारे आहेच.

सत्कार सहाला उरकावेत, पाहुणे आले नाहीत तर त्यांच्यावाचून सुरू करावे. सोडतीचे निकाल फळ्यावर लिहावेत. फलकावर दोन्ही बाऱ्यांच्या वेळा वेगवेगळ्या छापाव्यात, म्हणजे दुसऱ्या बारीची वेळ कोणी खाल्ली ते लोकांनाही दिसेल. आणि त्या बुवांना यंदा बोलावून आधी त्यांनाच बसवावे, उत्तर त्यांच्याकडे तयार असणारच.

स्टॉलचे भाडे आणि अनामत भरायची तारीख जवळ आली आहे. पैशांसोबत या पत्राची प्रत आयोजकांना द्यायचे आमच्या गटाने ठरवले आहे.

आपली,
एक स्टॉलधारक
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग