बंडखोर नायकाच्या घरातलं सुतक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जगभरच्या कादंबऱ्यांतल्या बंडखोर तरुणांचं मनोविश्लेषण करणारा लेख वाचला. लेखकाचं वाचन मोठं आहे, पण देश कुठलाही असो, निदान एकच: मुलगा बापावर उठलाय, म्हणजे ईडिपस गंड, म्हणजे आईच्या ओढीतून बापाशी वैर, ही मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याची कल्पना. कॉलेजात पंचवीस वर्षं मराठी शिकवताना नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीबद्दल मीही फळ्यावर हेच लिहीत आले. म्हणूनच हे पत्र.

‘कोसला’त (१९६३) बाप आहे आणि जबरदस्त आहे. पांडुरंग सांगवीकर त्याचे पैसे पुण्यात उधळतो आणि शेवटी त्याच्याच घरी परततो. पण कादंबरी उसवते ती धाकटी बहीण देवीच्या रोगानं जाते तेव्हा. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ म्हणत सगळ्या जगाची टर उडवणाऱ्या या मुलाला तिथं कसलाच आडोसा उरत नाही. इतकी वर्षं मी ती पानं ‘हृदयद्रावक’ म्हणून पुढे जात होते, याचं आज वाईट वाटतं.

सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’मध्ये (१९५१) वडील जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतो तो ॲली, ल्युकेमियानं गेलेला धाकटा भाऊ. त्याचा बेसबॉलचा हातमोजा नायक होल्डननं जपून ठेवलाय. मैदानात नुसतं उभं राहावं लागलं तर वाचायला काहीतरी असावं म्हणून ॲलीनं त्यावर हिरव्या शाईनं कविता लिहिल्या होत्या. तो गेला त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डननं मुठीनं गॅरेजच्या काचा फोडल्या, आणि घरच्यांनी त्याचं मनोविश्लेषण करून घ्यायचं ठरवलं! ज्याला आपण बंड म्हणतो ते इथं सुतक आहे, न फिटलेलं.

यासाठी फ्रॉइडला बाजूला सारायची गरज नाही. शोक आणि विषण्णता यांवरच्या १९१७ च्या निबंधात त्यानंच सांगितलंय की गेलेल्या माणसावरचा राग स्वतःवर उलटतो आणि माणूस स्वतःलाच कवडीमोल ठरवतो. सांगवीकर वाचताना मला हेच दिसतं. ऑक्टोबर १८९७ मध्ये फ्रॉइडनं फ्लीस या मित्राला लिहिलेल्या पत्रांत ईडिपसची कल्पना प्रथम येते. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या एका पत्रात तो तान्हेपणी गेलेल्या आपल्या भावाबद्दल लिहितो: त्याच्या जन्मानं मत्सर वाटला होता आणि त्याच्या मरणानं अपराधाचं बीज मागं ठेवलं. ईडिपस घरोघरी पोचला, हा धाकटा भाऊ मात्र मागेच राहिला.

तरी ही किल्लीसुद्धा सगळीकडे चालत नाही. झिंबाब्वेच्या त्सित्सी दांगारेंबगा यांची ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८) सुरूच होते ती भाऊ मेल्याचं आपल्याला दुःख झालं नाही, या तांबूच्या कबुलीनं. तो गेला म्हणून मिशनच्या शाळेतली त्याची जागा तिला मिळते. इथं ना ईडिपस, ना शोक. इथं शाळेची फी आणि मुलगी असणं आहे. तिची चुलत बहीण न्याशा इंग्लंडमध्ये राहून आलेली. ती खाल्लेलं ओकून टाकते, इतिहासाचं पुस्तक दातांनी फाडते. तिला मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात, तर तो गोरा डॉक्टर म्हणतो की आफ्रिकी लोकांना असले आजार होत नाहीत. बंडाचं निदान कोण करतो, हा प्रश्न कादंबरीनंच विचारलाय. १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषण संस्था उभारणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनीही, भारतीय रुग्णांची लक्षणं युरोपीय रुग्णांसारखी दिसत नाहीत, असं फ्रॉइडला कळवलं होतं.

लेखमालेचा पुढचा भाग येणार आहे असं दिसतं. त्यात लेखकानं या तिन्ही कादंबऱ्यांतल्या मेलेल्या भावंडांकडे एकदा पाहावं, आणि तांबू-न्याशासारख्या मुलींनाही जागा द्यावी. पहिल्या भागात एकही मुलगी नव्हती.

कळावे,
आपली एक वाचक,
जळगाव