मावशी, यंदा ढोबळीचं बूड काळं पडलं नाही

मावशी, हे तुमची सून तुम्हाला वाचून दाखवेल, तिला सांगून ठेवलंय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "गप बस, चहा पी" म्हणता, म्हणून इथं सगळ्यांसमोरच लिहितोय.

जुन्नर भागात आमचं वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस, त्यात लाल-पिवळी ढोबळी मिरची. मागच्या वर्षी ऑगस्टात लावली, झाडं अशी जोमात की येणारा जाणारा फोटो काढायचा, आणि नोव्हेंबरात फळं रंगावर यायला लागली तर दर चार फळांतल्या एकाचं बूड काळं, आत दबलेलं. वाशीला माल पाठवला तर व्यापाऱ्यानं क्रेट उलटं करून दाखवलं. दुकानदार म्हणाला कॅल्शियम कमी पडतंय, मग काय, फवारण्या सुरू, ड्रिपमधून कॅल्शियम नायट्रेट सुरू, आणि मी शहाणा ते 0:52:34 या स्फुरद-पालाशच्या खताबरोबर एकाच टाकीत कालवत होतो. पांढरा साका बसला, निम्मे ड्रिपर जाम. हे लिहायला आता लाज वाटते पण असो.

तुम्ही तेव्हा रोजानं फुटवे काढायला आला होता. मावळात गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये इतकी वर्षं काढलेली बाई, पण मी काही विचारलं नाही कारण मी यूट्यूब बघून आलेलो. तुम्ही बेडमध्ये कोपरापर्यंत हात घातला, वरची माती भुसभुशीत कोरडी आणि खाली नुसता चिखल. मला म्हणालात, "लेकराला दिवसभर उपाशी ठेवून एकदाच ताटभर वाढतोस व्हय?" मी सकाळी सलग पाऊण तास पाणी द्यायचो ना! मग मोटरीला टायमर लावला, दिवसात चार वेळा, आठ-दहा मिनिटं. आणि थंडी म्हणून अकरापर्यंत बंद ठेवायचो ते बाजूचे पडदे तुम्ही ऊन आल्याबरोबर वर करायला लावले, आत छतावरनं थेंब गळायचे ते थांबलं. नंतर नारायणगावच्या केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) विचारलं तेव्हा कळलं की कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, हवा कोंदट असली की पानं पाणी ओढत नाहीत, आणि पाणी कमी पडलं की असेल तेवढं पानंच ओढून घेतात, फळ उपाशी. म्हणजे मातीत कॅल्शियम होतंच, मी ते चढूच देत नव्हतो. दुकानाचं बिल अजून कपाटात आहे.

यंदा सगळ्यात जड गेलं ते पहिल्या बेचक्यातली कळी खुडणं. मी म्हणालो मावशी हे पहिलं फळ आहे हो, तुम्ही ऐकलंच नाही, पटापट खुडत सुटलात. ते ठेवलं असतं तर झाड तिथंच अडकलं असतं, हे मला दोन महिन्यांनी पटलं. झाडाला दोनच फांद्या, दोरीवर नीट चढवलेल्या, वाकडी आणि एकाला एक चिकटलेली फळं गोटीएवढी असतानाच काढायची. फळं मोजायला कमी दिसतात पण एकेक दीडशे-दोनशे ग्रॅमचं, चार कप्प्यांचं, बुडावर टेकवलं की उभं राहतं. थ्रिप्सनं (फुलकिड्यांनी) मात्र यंदाही छळलं, त्यावर तुमच्याकडंही उपाय नाही, निळे चिकट सापळे लावून बसलोय.

परवा वाशीहून त्याच व्यापाऱ्याचा फोन आला, अजून दहा क्रेट आहेत का म्हणून. मी म्हणालो माल रंगला की तोडणार, घाई नाही. (तुमचंच वाक्य.)

हजेरी वाढवून दिली ती तुम्ही परत करायला निघाला होता, ते चालणार नाही. बुधवारी तोडा आहे. नातवाला पिवळी आवडते ना, एक क्रेट बाजूला काढतोय, ते घरी न्यायचंच, आणि कटर घेऊन या, माझी पोरं अजून देठ ओढून तोडतात.