टाळ्या सादरीकरणाला, धडा मात्र खतावणीत

महोदय,

उन्हाळ्याच्या सुटीतला विद्यार्थ्यांसाठीचा उद्योजकता वर्ग मी नुकताच पूर्ण केला. अशा वर्गांच्या समारोपाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत नेहमी येतात. हातात प्रमाणपत्र, मागे फलक, सगळे हसतमुख. तशा एका छायाचित्रात मीही आहे, कारण आमच्या गटाला दुसरे बक्षीस मिळाले. ते कशासाठी मिळाले हे आठवले की जरा ओशाळायला होते, म्हणून हे पत्र.

अर्धवट वापरलेल्या वह्यांची कोरी पाने एकत्र बांधून नव्या वह्या विकायच्या, ही आमची कल्पना. पहिल्या आठवड्यात आम्ही तीसेक जणांना विचारले, ‘अशी वही तुम्ही घ्याल का?’ झाडून सगळे हो म्हणाले. समोर उभ्या असलेल्या मुलांना तोंडावर नाही कोण म्हणणार? आमच्या मार्गदर्शक बाईंनी प्रश्नच बदलायला लावला. ‘शेवटची वही कधी घेतलीत आणि तीच का घेतलीत?’ मग चित्र पालटले. अनेकांनी कित्येक महिन्यांत वही घेतलेलीच नव्हती. ज्यांनी घेतली होती त्यांनी एकसारखा कागद बघून घेतली होती. वेगवेगळ्या छटांची पाने हे आमच्या वहीचे वैशिष्ट्य. गिऱ्हाइकाच्या लेखी ती खोट होती.

खरा घाम फुटला तो हिशेबात. कागदावर मांडलेले आकडे असे होते: वहीची किंमत १००, एका वहीमागे कच्चा माल आणि बांधणी ६०, आणि वही विको न विको, करावाच लागणारा खर्च १२,०००. म्हणजे प्रत्येक वहीमागे ४० सुटणार आणि ३०० वह्या विकल्या की ना नफा ना तोटा. आम्ही ४०० विकणार होतो, नफा ४,०००! वहीत तो आकडा लिहून आम्ही त्याभोवती चौकटही काढली. बाईंनी एवढेच विचारले, ‘यातल्या किती उधारीवर?’ निम्म्या, दोन महिन्यांच्या बोलीवर. मग हातात रोख येणार २०,०००, आणि देणी ३६,०००. वरचे १६,००० कोण घालणार? नफ्यात असलेला धंदा दोन महिन्यांत बंद पडू शकतो, हे मला त्या दुपारी कळले. प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याची दुहेरी नोंद पद्धत लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने १४९४ साली छापील ग्रंथात मांडली. व्हेनिसचे व्यापारी ती त्याआधीपासूनच वापरत होते. वर्गात हे ऐकताना मी जांभई दिली होती. त्या दुपारनंतर नाही दिली.

शेवटच्या दिवशी मात्र प्रत्येक गटाला पाच मिनिटांचे सादरीकरण करायचे होते. आम्ही उधारीचा तक्ता वगळला. पालटलेली उत्तरेही वगळली आणि ‘विचारलेले सर्व ग्राहक उत्सुक’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले. खोटे नव्हते, पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेच होते. परीक्षकांनी आमच्या बोधचिन्हाचे कौतुक केले. वसुलीचे कोणी विचारले नाही.

आमच्या शेजारच्या गटाने सगळे आकडे मांडून सांगितले की हा धंदा या भांडवलात करू नये. सभागृहात हशा पिकला. त्यांचा क्रमांक शेवटचा आला. माझ्या मते त्या दिवशी नीट अभ्यास करून आलेला गट तोच होता.

वर्ग वाईट होता असे माझे म्हणणे नाही; उलट सुटी सार्थकी लागली. तक्रार आहे ती समारोपाविषयी. आयोजकांनी निम्मे गुण खतावणीला, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीला, आणि ग्राहकांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदींना द्यावेत, परीक्षकांत निदान एक जण रोजची वसुली करणारा असावा, आणि ‘करू नये’ हा निष्कर्षही बक्षीसपात्र धरावा. आपणही अशा समारंभाची बातमी देताना विजेत्यांच्या नावांबरोबर त्यांच्या योजनेचा एखादा आकडा छापावा. आमचा आकडा उणे १६,००० होता.

— एक विद्यार्थी वाचक