सूचना : घोड्यांच्या मोठ्या शर्यतीचे अंदाज नोंदवताना

सभासदांनो, अंतिम यादी आणि ड्रॉ (कोणता घोडा कुठल्या गेटमधून सुटणार ते) लागेपर्यंत निवड पक्की करू नका. शर्यत २४०० मीटरची आहे. १६०० मीटर जिंकणाऱ्याचा दम इथे पुरेलच असं नाही. मागच्या धावेतली शेवटच्या ४०० मीटरची वेळ जरूर पाहा, पण आधीचा वेगही तपासा. सुरुवात संथ झाली असेल तर शेवट सगळ्यांचाच जोरदार दिसतो. हँडिकॅपमध्ये (घोड्याच्या कुवतीनुसार वजन ठरवून दिलेल्या शर्यतीत) ५१ किलोवर जिंकलेला घोडा आता ५७ किलो वाहणार, हे हमखास विसरलं जातं. पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागी) मागच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस दिसला तर सावध. मानेवरचा घाम नुसत्या उकाड्याचाही असतो. नावासोबत कारण लिहा. ‘फॉर्मात आहे’ हे कारण धरलं जाणार नाही. पाऊस झाल्यास शर्यतीच्या तासभर आधीपर्यंत नोंद बदलता येईल.