रविवारच्या स्केचिंगबाबत सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार.

येत्या रविवारी रंकाळ्यावर न जमता सकाळी साडेसहाला कोल्हापुरातल्या गंगावेशीत, दूध कट्ट्यावर (जिथं गवळी गिऱ्हाइकासमोरच म्हशीची धार काढून दूध विकतात) जमायचं आहे. कारण आपल्यातल्या नववीतल्या मुलीनं काढलेलं तिथलं चित्र.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी बैठकीच्या खोलीत जाऊन जरूर पाहावं. म्हैस उभी आहे, गवळी उकिडवा बसून गुडघ्यांत भांडं धरून धार काढतोय, शेजारी एक आजोबा धारोष्ण दुधाच्या ग्लासासाठी हात पुढे करून थांबलेत. बस, एवढंच. पण म्हशीनं भार एका मागच्या पायावर टाकलाय, हे पाठीच्या एका रेषेतून कळतं! पेन्सिलीचा आधार नाही, थेट शाईनं काढलंय. शेपूट तर तीनदा काढलीय, एकही खोडलेली नाही, त्यामुळे ती खरंच हलतेय असं वाटतं. मी दोनदा परत जाऊन पाहिलं.

कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलाव, रंकाळा असा रोजच्या पाहण्यातला परिसरच रंगवला. आपण मात्र अजून फोटोवरून चित्रं काढतो, ते आता थांबवूया.

एक कळकळीची विनंती: शिंग जरा वाकडं आलंय, ते तिला सुधारायला सांगू नका. त्या चित्रावर कुणीही हात फिरवू नये.

येताना छोटी वही आणि शाईचं पेन आणा, खोडरबर घरीच ठेवा. म्हशींच्या फार जवळ जाऊ नका, गवळ्यांना विचारूनच बसा. दूध ज्याचं त्यानं विकत घ्यायचं आहे.