स्मृतिवृक्षाला तीन उन्हाळ्यांचं पाणी द्या: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: गावच्या स्मशानभूमीतील स्मृतिवृक्ष जगवण्याबाबत.

महोदय,

सावडलेली राख नदीत न सोडता खड्ड्यात घालायची आणि त्यावर गेलेल्या माणसाच्या नावाचं झाड लावायचं, ही रीत आता बऱ्याच गावांत रुळली आहे. त्या दिवशी फोटो निघतात, कौतुक होतं. पुढच्या होळीला तिथे एक काडी आणि गंजलेली जाळी उरते. आईच्या नावाचं झाड जळालेलं पाहणं घरच्यांना किती लागतं, हे आपल्याला सांगायला नको.

झाड जळण्याचं पहिलं कारण म्हणजे खुद्द राख. एका दहनाला साधारण ३०० किलो लाकूड लागतं, शिवाय गोवऱ्या. गोवऱ्यांची राख लाकडापेक्षा कितीतरी जास्त पडते, त्यामुळे सावडताना दोन-तीन घमेली सहज भरतात आणि ती सगळी एकाच खड्ड्यात ओतली जातात. राखेचा सामू (पीएच, म्हणजे आंबट-खारेपणाचं माप; ७ च्या खाली आंबट, वर खारट) १० च्या पुढे. आपली काळी जमीन मुळातच ७.५ ते ८.५. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक म्हणतात पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी घालतात. अस्थींतून झाडाला स्फुरद (फॉस्फरस) मिळतो हा समजही चुनखडीच्या जमिनीत खरा नाही; तो तिथे विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. कोकणातली जांभ्याची माती आंबट, तिथे राख चालून जाते. पण राज्यभर एकच परिपत्रक काढून ‘राख खड्ड्यात घाला’ एवढंच सांगितलं, तर मराठवाड्यातली झाडं त्या परिपत्रकानेच मरतील.

राख आधी चाळावी. बांगड्यांच्या काचा, सेफ्टी पिना, नाणी, वितळून गोळा झालेलं टेरिकॉट असं बरंच काही निघतं. मग दोन मुठी अस्थी-राख खड्ड्याच्या तळाशी मातीत कालवावी आणि उरलेली घरच्या रानात गुंठाभर जागेवर पातळ विस्कटावी. शेणखतात किंवा युरियात ती मिसळू नये, अमोनिया उडून जातो आणि खत वाया जातं.

दुसरी अडचण दिवसाची. माणूस काही मृग नक्षत्र पाहून जात नाही. चैत्रात तिसऱ्या दिवशी लावलेलं रोप वैशाख पाहत नाही. घरच्यांना मात्र त्याच दिवशी काहीतरी करायचं असतं, आणि ते योग्यही आहे. म्हणून तिसऱ्या दिवशी फक्त खड्डा घ्यावा, एक मीटर लांब, रुंद, खोल, आणि तळाशी राख घालावी. उन्हात खड्डा तापला की मुळं खाणारी हुमणी अळी, वाळवीही कमी होते. पहिला दमदार पाऊस झाला की पोयट्याची माती आणि दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत भरून रोप लावावं. पिशवी ओढून न काढता ब्लेडने कापावी, तळाशी गुंडाळलेली मुळं छाटावीत. आंब्याचं कलम असेल तर जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. रोप चार-पाच फुटी हवं. वीतभर रोपाला शेळीचा एकच घास पुरतो.

आता तुमच्याकडचं काम. तेरावा झाला की मुलं पुण्या-मुंबईला परततात. झाडाला फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून दोनदा १५ लिटर पाणी लागतं, तेही तीन उन्हाळे. वीस झाडं धरली तर आठवड्याला ६०० लिटर. म्हणजे १००० लिटरची एक टाकी, नळाचं एक कनेक्शन आणि ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याचे आठवड्यातले दोन सकाळचे तास. जनसुविधांच्या अनुदानातून स्मशानभूमीत शेड होते, रस्ता होतो, पेव्हर ब्लॉक बसतात. त्याच अंदाजपत्रकात ही टाकी बसवा आणि देखभालीचे पैसे तीन वर्षांत विभागून, जिवंत झाडं मोजून द्या. फुकट रोपं वाटू नका. रोपांचा तुटवडा कुठेच नाही.

पेव्हर ब्लॉक घालताना बुंध्याभोवती किमान तीन फूट माती मोकळी सोडायची अट ठेकेदाराच्या करारात घाला. जागेची आखणीही आधी व्हावी. वडाला १२ ते १५ मीटर, आंब्याला १० मीटर अंतर लागतं. आज जो तो मोकळी जागा दिसेल तिथे लावतो आणि दहा वर्षांनी वडाची मुळं शेडच्या पायात शिरतात. लहान जागेत बेल किंवा बकुळ लावावा. लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती दफनभूमींनाही हीच सोय मिळावी. तिथे झाडं कडेने लावायची, म्हणजे मुळं कबरींत जाण्याची भीती कमी.

शेवटचा मुद्दा पाटीचा. नावाची पत्र्याची पाटी खोडाला खिळ्याने ठोकतात किंवा तारेने आवळतात. खोड जाड होत जातं, तार सालीत रुतते, आणि वरचा भाग वाळतो. झाडाला क्रमांक द्या, पाटी शेजारी दगडावर बसवा, आणि ग्रामपंचायतीत एक नोंदवही ठेवा: नाव, तिथी, झाड, जागा. झाड मेलंच तर त्याच क्रमांकावर, त्याच नावाने पुढच्या पावसाळ्यात दुसरं लावता येतं.

आपले,
गावोगावी स्मृतिवृक्ष लावणारे व जगवणारे